जवाई मास्तरांची मोजणी

आमच्या कॉलेजात नाना सगळ्यांना विषयाच्या नावाने हाक मारायचे. "काय भूगोल, आज छत्री कुणाची आणलीत?" "संस्कृत, डब्यात काय आहे?" मी समाजशास्त्र शिकवायला आले, म्हणून मी 'समाजशास्त्र' झाले. पहिल्या दिवशी मला त्याचा रागच आला. मी जळगावची, लग्न होऊन धुळ्यात आलेली, नवीकोरी प्राध्यापिका. आपलं नाव सांगितल्यावर समोरच्याने ते वापरावं एवढी माझी साधी अपेक्षा होती. पण चार दिवसांनी लक्षात आलं की नानांनी विषयाच्या नावाने हाक मारली, म्हणजे त्यांनी माणसाला मनावर घेतलं. ज्यांना ते 'सर' किंवा 'मॅडम' म्हणत त्यांचं काही खरं नसे.

नाना म्हणजे देवरे सर, संख्याशास्त्राचे. राहायला देवपुरात, कॉलेजच्या मागच्या गल्लीत. उंच, किंचित पुढे वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि त्याच्या खिशात पेनाच्या शेजारी एसटी कंडक्टरचा तिकिटं टोचायचा चिमटा. शेजारचे एक कंडक्टर निवृत्त झाले तेव्हा नानांनी तो त्यांच्याकडून हट्टाने मागून घेतला होता. बोलताना त्यांना चाळा म्हणून तो चिमटा कटकट वाजवायची सवय होती. प्राचार्यांना त्या आवाजाचा फार त्रास व्हायचा, कारण तो आवाज झाला की पाठोपाठ नानांचा प्रश्न यायचा हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. एकदा प्राचार्य वार्षिक सभेत निकाल वाचून दाखवत होते. निकाल उत्तम होता, टाळ्याही झाल्या. मागून कटकट ऐकू आली आणि नाना उभे राहिले. "सर, हा निकाल परीक्षेला बसलेल्यांचा, की वर्षाच्या सुरुवातीला वर्गात बसलेल्यांचा?" प्राचार्य म्हणाले, "देवरे, खाली बसा." नाना आज्ञाधारकपणे खाली बसले, पण तोवर सगळं सभागृह हिशेबाला लागलं होतं.

आकडा समोर आला की त्याला एकच विचारायचं, असं ते मुलांना सांगत. आमच्या खानदेशात अनोळखी पोर अंगणात आलं की म्हातारी माणसं विचारतात, "कोना रे तू?" म्हणजे तू कुणाचा, कुठल्या घरचा. नाना फळ्यावर एखादी सरासरी लिहायचे, तिच्याकडे बोट करायचे आणि अगदी गंभीरपणे विचारायचे, "कोना रे तू?" मुलं हसायची. नाना हसायचे नाहीत. कुणीतरी उत्तर देईपर्यंत ते तसेच बोट करून उभे राहायचे. कुणाला विचारून काढला, कोणत्या महिन्यात काढला, कोण घरी नव्हतं, हे सगळं त्या आकड्याने सांगितल्याशिवाय त्याला ते पुढच्या तक्त्यात बसू देत नसत.

मी त्यांच्या तावडीत सापडले ते गावपाहणीच्या निमित्ताने. दर उन्हाळ्यात ते मुलांना घेऊन गावोगाव जायचे आणि घरटी एक कार्ड भरायचे. ही कार्डं हा नानांचा जीव. जाड पुठ्ठ्याची, पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी, चारी कडांना भोकं. एकेका भोकाला एकेक अर्थ होता. हे कोरडवाहू शेतीचं, हे शाळेत जाणाऱ्या मुलीचं, हे कामासाठी गुजरातकडे गेलेल्या माणसाचं. ज्या घरात ती गोष्ट असेल त्याच्या कार्डाचं ते भोक कंडक्टरच्या चिमट्याने कडेपर्यंत उघडं करायचं. मग सगळा गठ्ठा उभा धरून त्या भोकातून विणकामाची सुई घालायची आणि सुई वर उचलायची. उघड्या भोकाची कार्डं खाली पडायची, बाकीची सुईवर लटकून राहायची. "पडली ती आपली," नाना म्हणायचे. कॉम्प्युटर तेव्हा आम्ही फक्त चित्रात पाहिला होता. सुई अर्थातच माईंची होती, माई म्हणजे नानांची बायको. मुलासाठी सुरू केलेला तिचा एक निळा स्वेटर वर्षानुवर्षं छातीपर्यंत येऊन थांबला होता. "मुलगा कमावता झाला, पण ह्यांच्या गावाची मोजणी संपेना," असं ती आल्यागेल्याला सांगायची.

"माझ्याकडे विटांचा ढीग आहे, पण घर दिसत नाही," नाना एके दिवशी चहा पुढे करत मला म्हणाले. "तुमच्या शास्त्रात म्हणे चौकट असते. ती द्या मला."

"आणि तुमच्या विटा त्या चौकटीत बसल्या नाहीत तर?"

"तर विटा नाही फोडायच्या. चौकट तासायची."

त्या वेळी मला हे बोलणं फारसं आवडलं नाही. मी पुस्तकांवर विश्वास ठेवणारी होते. पण काम सुरू झालं. कुटुंब म्हणजे काय, हे आधी ठरवायला हवं होतं. मी माझ्या पुस्तकातून सांगितलं, एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, आणि एक माणूस एकाच चुलीचा. नानांनी ते मान डोलावून मान्य केलं आणि कार्डाच्या डोक्यावर 'चूल' असं लिहिलं. पुढचा सगळा घोळ तिथून झाला, पण तो कळायला बराच वेळ गेला.

पाहणीसाठी गाव निवडलं ते भडगावच्या बाजूचं, गिरणेच्या काठावरचं. गावाचं खरं नाव मी लिहीत नाही. नानांनीही अहवालात ते बदलून 'गिरणाकाठ' केलं होतं, तेच इथेही चालेल. हे गाव म्हणजे माईचं माहेर. तिचे थोरले भाऊ, सगळ्या गावाचे आबा, तिथले सरपंच. आबांच्या मनात एकच गोष्ट होती. गावात सरकारी नर्स हवी, कायमची राहणारी. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की भडगावची वाट बंद व्हायची, आणि अडलेल्या बाईला घेऊन घरची माणसं नाल्याच्या अलीकडे पाणी ओसरायची वाट बघत बसायची. आबांनी अर्ज करून पाहिले होते. लोकसंख्या कमी आहे, एवढंच उत्तर यायचं. मग आबांनीच मेहुण्याला साकडं घातलं, "तुम्ही एवढ्या जगाची गणती करतात, आमच्या गावाची करून द्या."

नानांनी होकार दिला तेव्हा मी त्यांच्याच घरी होते. माईचा चेहरा असा फुलला होता की मी पाहतच राहिले. नवऱ्याची विद्या पहिल्यांदाच माहेरच्या कामी येणार होती.

सासुरवाडीत मोजणी करणं म्हणजे काय हे मात्र आम्हाला गावात गेल्यावर समजलं. जवाई हा जवाईच. ज्या दारात नाना कार्ड घेऊन उभे राहत तिथे आधी खाट टाकली जायची, पाय धुवायला पाणी यायचं, मग चहा, मग ताट. "जवाईबुवा, पहिले जेवन, मंग तुम्हनी मोजनी," असं म्हणून आबाच त्यांना हाताला धरून बसवायचे. दुपारपर्यंत दोन घरं झाली तरी पुष्कळ. उरलेली कार्डं विद्यार्थ्यांनी भरली. ती विशीच्या आतबाहेरची मुलं. 'घरात लहान मूल दगावलं आहे का' हा प्रश्न कार्डावर होता, पण कुणाच्या उंबऱ्यात उभं राहून असं अभद्र विचारायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी ती जागा कोरी ठेवली. नानांच्या ते लक्षात आलं होतं. पण ते स्वतःही विचारू शकत नव्हते. ज्या घरी आपल्याला जवाई म्हणून पुरणपोळी वाढली, तिथे मेलेल्या लेकराची चौकशी कुठल्या तोंडाने करणार?

म्हणून त्यांनी दुसरी वाट काढली. ग्रामपंचायतीत जन्माच्या नोंदी होत्या. त्यात घराचं नाव असायचं. नोंदी आमच्या कार्डांना जोडायच्या. जिथे जन्म आहे आणि कार्डावर त्या वयाचं मूल नाही, ते मूल गेलं असं धरायचं. कागदावर हे अगदी चोख होतं. देवपुरातल्या त्यांच्या माडीवर बसून आम्ही नोंदी जोडल्या, नानांनी चिमटा चालवला, सुई घातली आणि वर उचलली.

कार्डं पडायला लागली. पडतच राहिली.

मी आकडा सांगणार नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघेनासे झालो, एवढं सांगते. ज्यांच्या ओट्यावर बसून नानांनी चहा घेतला त्या घरांमागून घरांत, नोंदीत जन्मलेलं मूल कार्डावर नव्हतं. नानांनी पडलेली कार्डं एकेक उचलली आणि पुढच्या वेळी ती पुन्हा न पाडता हाताने वेगळी काढून ठेवली. खाली पाडायला त्यांना नको वाटत होतं. त्या आठवड्यात ते नीट जेवले नाहीत असं माई म्हणाली. "माझ्या गावात एवढी लेकरं गेली आणि मला कुणी बोललं नाही," असं म्हणून तीही डोळे पुसत होती. तिलाही वाटलं, आपण दूर पडलो, आपल्याला कोण कशाला सांगेल.

अहवाल जळगावला गेला. जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी हादरले. ते स्वतः गावात जाऊन आले. नर्सची जागा जवळजवळ मंजूर झाली, फक्त नानांनी समोर बसून काही खुलासे करायचे आणि सही करायची, एवढं राहिलं. आबांनी चावडीशेजारची खोली रिकामी करून पांढरीशुभ्र रंगवून घेतली आणि तिला नवी कडी बसवली.

त्याच दिवसांत मी बाळंतपणासाठी जळगावला माहेरी होते. मला मुलगी झाली. नाना सहीसाठी जळगावला आले तेव्हा वाटेत आमच्याकडे डोकावले. काखेत अहवाल, हातात माईने दिलेलं डिंकाच्या लाडवांचं पातेलं. खोलीच्या दारातूनच त्यांनी बाळाकडे पाहिलं, "समाजशास्त्राची शाखा उघडली म्हणायची," असं काहीतरी बोलले, आणि बाहेरच्या खुर्चीत बसले. माझ्या वडिलांना आलेल्या पाहुण्याला सगळं सांगायची हौस. ते म्हणाले, "कालच नगरपालिकेत जाऊन जन्माची नोंद करून आलो."

"पत्ता कुठला दिलात?" नानांनी सहज विचारलं. असल्या चौकशा ते कुठेही करायचे.

"इथलाच की. आमच्या घराचा."

"पण बाळ तर धुळ्याचं."

"ते काय हो, सव्वा महिना झाला की जाईल धुळ्याला."

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग नाना उठून पुन्हा माझ्या दाराशी आले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "समाजशास्त्र," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी कुणी ह्या तुमच्या घराचं कार्ड भरलं, तर त्यात ही पोरगी असेल का?"

मी अर्धवट झोपेत होते. "कशी असेल? ती धुळ्याला असेल ना," मी म्हणाले. म्हणाले मात्र आणि ताडकन उठून बसले.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे काय आम्हाला माहीत नव्हतं? मी स्वतः माहेरच्या खाटेवर पडून होते. माईचा मुलगा, तो अर्ध्या स्वेटरवाला, त्याच गिरणाकाठला जन्मला होता आणि नाना स्वतः टांगा करून त्याला बघायला गेले होते. पण माणूस एकाच चुलीचा असं आम्ही एकदा पुठ्ठ्यावर लिहिलं आणि त्यानंतर आपल्या घरची गोष्ट आपणच विसरलो. गावातल्या लेकी सासरहून आल्या, बाळंत झाल्या, आजोबांनी आपल्या घराच्या नावाने नोंद केली, आणि सव्वा महिन्याने लेकी बाळ घेऊन निघून गेल्या. त्या बाळांना आम्ही सुईने मारून टाकलं होतं.

"जित्ता शेतस," नाना म्हणाले. मग जोरात म्हणाले, "बठ्ठा पोरे जित्ता शेतस!" सगळी पोरं जिवंत आहेत! त्यांची अहिराणी एरवी कॉलेजात कुणी ऐकली नसेल. माझी आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं काहीतरी अशुभ झालं. समोर हा उंच माणूस रडतोय आणि हसतोय, आणि मी बाळाला छातीशी धरून तेच करतेय. बाळंतिणीने रडू नये म्हणून ती आम्हा दोघांनाही रागावली.

तिथून नाना थेट अधिकाऱ्यांकडे गेले आणि अहवाल परत मागितला. काय बोलणं झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. अधिकारी माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "सर, मंजुरी हातात आलीय. सही करा, नर्स जाऊ द्या. पुढचं पुढे बघू. अहवाल परत घेतलात तर जागा दुसऱ्या गावाला जाईल."

नाना म्हणाले, "जाईल ना. पण साहेब, पोरं जिवंत आहेत."

बातमी घेऊन ते स्वतः गिरणाकाठला गेले. पत्र पाठवता आलं असतं, पण ते त्यांना पटलं नाही. आबा ओट्यावर होते. नानांनी सगळं सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माले माहीत व्हतं."

"काय माहीत होतं?" नानांनी विचारलं.

"कोना घर कितला पोरे ग्यात हाई सरपंचले समजाव नही का? साहेब उना, त्यानी आकडा सांगा, तव्हयच माले समजनं. मी चूप बसनू. कसाले बोलू? नर्स येई राहिनी व्हती." म्हणजे साहेबांनी आकडा सांगितला तेव्हाच आबांनी चूक ओळखली होती आणि नर्ससाठी ते गप्प बसले होते. मग त्यांचा आवाज चढला. "तुम्ही पोरे जित्ता कयात जवाईबुवा, पन आमनी नर्स मारी टाकी!"

त्या दिवशी नाना जवाई असूनही कुणी त्यांना जेवायला थांबवलं नाही. ते नाल्यापर्यंत चालत आले आणि मिळेल त्या गाडीने धुळ्याला परतले. आबांचा राग मला तेव्हाही कळत होता, आजही कळतो. त्यांना त्या खोलीत नर्स दिसत होती, आणि खरं सांगायचं तर नर्सची गरज खरीच होती. खोटा होता तो फक्त आमचा तक्ता.

नानांनी काम सोडलं नाही. त्यांनी कार्डाच्या कडेला एक नवं भोक पाडलं, 'माहेर'. मग गिरणाकाठच्या लेकी कुठे कुठे दिल्या आहेत ते शोधून त्या गावांना जायला सुरुवात केली. माई बरोबर असायची. कोणती पोर कुठे दिली हे तिला तोंडपाठ होतं, आणि बाळंतपणाच्या गोष्टी बायका तिच्याशीच बोलणार होत्या. पहिलं गाव होतं नशिराबाद. एका घराच्या अंगणात तीन-एक वर्षांचं पोर गुळाचा खडा चोखत बसलं होतं, गाल चिकट, नाकाला माती. आमच्या कार्डाप्रमाणे ते केव्हाच गेलेलं होतं. नाना त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "कोना रे तू?" पोराने गूळ बाजूला केला आणि बापाचं नाव खणखणीत सांगितलं.  माईनेच त्याला उचलून कडेवर घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा, अजून पुष्कळ पोरं बघायचीत."

अशी ती दोघं वर्षभर सुट्टीच्या दिवशी फिरत राहिली. प्रत्येक गावाहून परत आले की नाना मला एवढंच सांगायचे, "आज एवढी सापडली," आणि चिमटा कटकट वाजवायचे. पण सगळी सापडली नाहीत. काही खरोखर गेलेली होती. त्यांच्या आयांशी माई आत बसून बोलायची आणि नाना बाहेर ओट्यावर थांबायचे. ती थोडीच मुलं होती. पण ती सगळी पहिल्या काही दिवसांत, माहेरच्या गावीच गेलेली होती. सासरच्या गावात त्यांचा जन्मच नव्हता म्हणून मरणही नव्हतं, आणि माहेरच्या गावात ती पाहुण्यांची लेकरं होती म्हणून त्यांना कुणी मोजलं नाही. नाना ते सगळं माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बाईला दोन घरं असतात, हे तुमच्या चौकटीत कुठे आहे?"

ते कुठेच नव्हतं. मी चौकट तासायला बसले. नव्या अहवालाचं पहिलं प्रकरण मी लिहिलं आणि ते माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं लिखाण आहे असं मला वाटतं. आमचं म्हणणं साधं होतं. नर्स किती लोकसंख्येला द्यायची हे ठरवताना तुम्ही गावात राहणारी डोकी मोजता. पण बाळंत होणाऱ्या बायका त्या डोक्यांत नसतात. त्या दुसऱ्या गावी मोजलेल्या असतात आणि बाळंत इथे होतात, त्याही पहिलटकरणी. हा अहवाल आम्ही पाठवला. त्याला पोच आली आणि नंतर काही नाही.

इकडे माईचं माहेर तुटलं. कुणी भांडून नव्हतं तोडलं. फक्त आखाजीला मुऱ्हाळी आला नाही. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. झाडाला झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी होते, आणि माहेरहून भाऊ किंवा भाचा लेकीला न्यायला येतो, तो मुऱ्हाळी. तो आल्याशिवाय लेक आपण होऊन जात नाही. माईला लग्नापासून आबा स्वतः न्यायला यायचे. त्या वर्षी आले नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. आखाजीच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले की माई पोळ्या लाटत असायची आणि गल्लीत रिक्षा थांबली की तिचं लाटणं थांबायचं. तिने नानांना एका शब्दाने दोष दिला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ती पोरं मी कडेवर घेतली ना गं. आता ती मेलीत असं कसं लिहू देऊ?" पण रात्रीच्या जेवणाला ती बसायची नाही.

नाना हे सगळं बघत होते. तक्त्यांत त्यांना चूक सापडली की दुरुस्ती करता यायची. इथे काही चुकलेलंच नव्हतं, म्हणून दुरुस्त काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. त्या दिवसांत ते कुणाला विषयाच्या नावाने हाक मारेनासे झाले. मलाही दोनदा 'मॅडम' म्हणाले.

तिसऱ्या आखाजीला सकाळी मी त्यांच्या घरी गेले तर दाराला कुलूप. नंतर माईने सगळं सांगितलं. पहाटे उठून नाना अंघोळ करून तयार झाले आणि म्हणाले, "चल, साडी नेस चांगली. मुऱ्हाळी आलाय." तिने दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. "मी आलोय," नाना म्हणाले. माईने डोक्याला हात लावला. जवाई माणूस न बोलावता सणाला सासुरवाडीच्या दारात उभा राहतो, ही काय रीत झाली? लोक तोंडावर हसतील. नाना म्हणाले, "हसू दे." तिची पिशवी त्यांनी स्वतःच्या खांद्याला लावली, आणि नाल्यापासून गावापर्यंत ते तिच्या दोन पावलं मागे चालले, मुऱ्हाळी चालतो तसे.

आबा ओट्यावरच होते. झाडाला झोका बांधलेला, गावातल्या सगळ्या लेकी आलेल्या, अंगणात पोरांचा गोंधळ. आबांनी बहिणीकडे पाहिलं नाही, नानांकडे पाहिलं. "जवाईच मुऱ्हाळी बनीसन उनात का?"

"तीन साल व्हयनात, दुसरं कोनी उनं नही," नाना म्हणाले. "मंग मीच उनू."

 माई सांगत होती, झोक्यावरच्या पोरींनी झोका थांबवला. मग आबा उठले, आत गेले आणि तांब्या घेऊन बाहेर आले. पाय धुवायला पाणी गडीमाणसाने किंवा सुनेने आणायचं असतं. ते आबांनी स्वतः आणलं आणि स्वतःच नानांच्या पायावर ओतलं. ओतता ओतता म्हणाले, "कितलं चालनात. नालापासून पायी का?" एवढंच. माई तोवर आत चुलीपाशी पोचली होती आणि वहिनीच्या गळ्यात पडली होती.

नर्स गिरणाकाठला आली, पण बऱ्याच उशिरा, नव्वद साल उलटल्यावर. आमच्या अहवालामुळे आली की आबांच्या अर्जांमुळे, मला माहीत नाही. नाना म्हणायचे, ते सांगता येईल असा तक्ता आपल्याकडे नाही. चावडीशेजारच्या खोलीत तोवर कडबा भरला जायचा. तो काढून खोली पुन्हा रंगवावी लागली.

नाना जाऊन आता पुष्कळ दिवस झाले. त्यांची आठवण निघाली की मला तोच आखाजीनंतरचा आठवडा डोळ्यांपुढे येतो. पांझरा नदीच्या पुलावर संध्याकाळी ते मला भेटले. हातात पिशवी, पिशवीत भरमसाट घेतलेली आणि जरा शिळीच गिलकी. बाजार करणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

"काय समाजशास्त्र!" त्यांनी लांबूनच हाक मारली.

"माई कुठे आहेत नाना?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. जड श्वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि कुठलाही नवरा उन्हाळ्यात जशी तक्रार करतो तशी केली. "काय सांगू तुम्हाला. आठ दिवस झाले, जेवणाचे हाल आहेत माझे. परवा येते म्हणाली होती, तर आता निरोप आला, भाऊ सोडत नाही म्हणे."

शेजारून जाणाऱ्या दूधवाल्याला त्यांनी हात करून थांबवलं. "उद्यापासून अर्धाच लिटर टाक रे," ते त्याला म्हणाले. "घरात मी एकटाच आहे. बायको माहेरी गेलीय."